जुनी गाडी, नवा मालक – भाग ६ : फ्लश मारायचा की नाही?

नागपूरच्या इतवारीतले एक किराणा व्यापारी विचारतात : ‘२०१२ची वॅगन आर गेल्या दिवाळीत घेतली. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची एक पावती नाही. मिस्त्री म्हणतो, भाऊ, ऑइल बदलवतच आहात तर फ्लशही मारून घ्या, इंजिनच्या पोटात झाडू फिरून जाईल. मारू का?’

फ्लशच्या बाटलीचं नंतर पाहू, आधी गाडीचा रोजचा रस्ता पाहू. वर्धमाननगरातून निघायचं, सीए रोडने यायचं, शहीद चौकाकडे वळायचं आणि तिथून पुढे हातगाड्या, हमाल आणि ऑटोंच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सरकत राहायचं. मीटरवर तीन किलोमीटर पडतात, इंजिन मात्र अर्धा तास चाललेलं असतं. दुकान आलं की बंद. कूलंट लवकर तापतं, पण चेंबरमधलं ऑइल नीट तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोल आणि काजळी घेऊन. लांबच्या प्रवासात हे पाणी उडून जातं. इतवारीच्या फेऱ्यांत ते तिथंच राहतं आणि त्याचाच पुढे गाळ होतो. म्हणून ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ हा हिशेब तुमच्यासाठी नाही. छोट्या फेऱ्या, धूळ आणि थांबत-थांबत चालणं असेल तर मुदत कमी करा, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ते पान कोणी वाचत नाही, एवढंच. तुम्ही सहा महिने धरा, मीटर काहीही दाखवो.

आता फ्लश. इंजिन थंड असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. धातूवर सोनेरी-तपकिरी थर दिसला आणि तो बोटाला लागला नाही, तर काळजी नाही आणि फ्लशचीही गरज नाही. झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस असेल तर ते पाणी आहे. डिसेंबर-जानेवारीत छोट्या फेऱ्यांच्या गाडीत हे हमखास दिसतं. झाकण पुसा, एका रविवारी घरच्यांना घेऊन रामटेकला जाऊन या, मग पुन्हा पाहा. फेस परत आला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे डांबरासारखा काळा लगदा, नखाने खरवडला तर निघणारा. फ्लशचा आग्रह सगळ्यात जास्त इथेच होतो, आणि धोकाही इथेच. बाटलीतलं द्रावण जुन्या ऑइलमध्ये ओतून इंजिन दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवतात. त्यात गाळ विरघळला तर ठीक. पण त्याचे तुकडे सुटले तर ते थेट ऑइल पंपाच्या चाळणीवर जाऊन बसतात. वर ऑइल पोचत नाही, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि तेवढ्यात बेअरिंगं कोरडी चालतात. अशा गाडीचं चेंबर खोलून गाळ आणि चाळणी हाताने साफ करून घ्यावी, सोबत पीसीव्ही व्हॉल्व्हही पाहावा. खर्च बाटलीपेक्षा जास्त येईल, इंजिन बांधण्यापेक्षा पुष्कळ कमी. गाळ ही फक्त हलगर्जी मालकांची गोष्ट आहे असंही नाही : १९९७ ते २००२ मधल्या लाखो गाड्यांसाठी टोयोटाला अमेरिकेत गाळाने बिघडलेल्या इंजिनांची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून देण्याची योजना आणावी लागली होती.

मग बाटली कधी घ्यावी? माझं मत : तुमच्यासारख्या गाडीला जवळजवळ कधीच नाही. चांगल्या ऑइलमध्ये मळ सोडवणारी आणि तो तरंगत ठेवणारी रसायनं आधीच असतात. तेव्हा आत्ता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा दोन्ही बदला. एका वेळी तीनेक लिटर ऑइल लागतं. मळ हळूहळू निघतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. पहिल्याच महिन्यात गेजवर ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, ते काम करतंय. रॉकेल किंवा डिझेल ओतून ‘धुऊन’ देणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणा. त्याने ऑइलची वंगणशक्ती जाते आणि खाली उरलेलं रॉकेल नव्या ऑइलमध्ये मिसळतं.

‘नागपूरचा उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका,’ हाही सल्ला मिळेल. बाहेर पारा ४५वर असला तरी थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान आपल्या पट्ट्यात ठेवतो, आणि डब्यावरचा दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचाच असतो. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असेल तर तेच घ्या. तुमच्या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो. सकाळी सेल्फ मारल्यावर क्षणभर खडखड ऐकू येत असेल, तर मिस्त्रीला आधी ती ऐकवा.

ऑइल तुमच्या डोळ्यांसमोर काढायला सांगा, ड्रेन बोल्टचा वायसर नवा घालायला लावा. काढलेलं काळं ऑइल नालीत जाऊ देऊ नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येणार नाही. पुढच्या आठवड्यात रेडिएटर.