भृंग, कीटक आणि पपईची बाग

कुंभारीण माशी अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते आणि माशीच्या अखंड ध्यासाने ती अळीच पुढे माशी होऊन बाहेर पडते, हा भृंगकीटकन्याय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या इतक्या भक्तिभावाने सांगितला गेला की, घरटे फोडून आत पाहण्याची तसदी सहसा कोणी घेतली नाही. घेतली असती, तर माशीच्याच अंड्यातून निघालेले पोर त्या अळीवर निवांत ताव मारीत असलेले दिसले असते. दृष्टान्त सुंदर, परंतु साक्ष खोटी!

याच गोत्रातील, पण जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या परोपजीवी माश्यांविषयीचे समज मात्र भीतीपोटी रूढ झाले आहेत. मेक्सिको व मध्य अमेरिकेचा मूळ रहिवासी असलेला पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरकडे आढळला आणि पपई, तुती, टॅपिओका असा मुलूख काबीज करीत महाराष्ट्रातील बागांपर्यंत पोचला. अंगावरील मेणचट आवरणामुळे तो फवाऱ्यास फारसा जुमानीना. तेव्हा २०१० साली बंगळूरच्या सरकारी संस्थेने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या माश्या रीतसर परवान्याने आणविल्या, बंदोबस्तात ठेवून त्यांची पारख केली आणि मगच त्या बागांत सोडल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये हिची कामगिरी अव्वल ठरली.

परमुलखातून आणलेला जीव उद्या पिकावरच उलटेल, हा धसका सर्वस्वी निराधार नव्हे. उसावरील भुंग्यांसाठी १९३५ साली ऑस्ट्रेलियात आणलेले भेक आजही त्या देशास भोवत आहेत. परंतु भेक दिसेल ते गिळतो, तर या माशीचे पोर ठरावीक ढेकणाच्या देहातच वाढू शकते, पाने-फळे त्याच्या खाद्यात येतच नाहीत, आणि किडीच्या निवारणासाठीची तिची पात्रता नेमकी या संकुचित भुकेतच आहे. ती माणसास डंख करील, हे भय तर हास्यास्पदच. जिला आपण नांगी समजतो, ती अंडी घालण्याची नळी आपल्या कातडीत शिरण्याजोगी नसते.

उलट टोकाचा गैरसमज अधिक घातक, तो असा की माशी म्हणजे औषध, आज सोडली की उद्या कीड नामशेष. वस्तुतः थोडी कीड शिल्लक राहिली तरच माशीचा वंश चालतो; आणि धीर सुटून कोणी जहाल कीटकनाशक फवारले, तर मेणाखालचा ढेकूण पुष्कळदा बचावतो आणि उघडी माशी मरते. म्हणून पंप खांद्यावर घेण्याआधी पपईचे पान उलटून पाहावे. सुकून टणक झालेल्या ढेकणाच्या पाठीवर वाटोळे भोक दिसले, तर त्यातून बाहेर पडून माशी कामावर रुजू झाली आहे.