आधी जेस्टॅक, मग रिस्टार्ट

रात्री-अपरात्री आम्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नाचा: "सिस्टीम हँग झालीये, रिस्टार्ट करू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं. दोन मिनिटं थांबा.

हँग होण्यातही प्रकार असतात. प्रोग्राम कशाची तरी वाट बघत अडकला असेल, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसतो. लूपमध्ये अडकलेला प्रोग्राम मात्र जीव तोडून काम करत असतो, फक्त तेच ते. लिनक्सवर 'टॉप' कमांड दिली की त्याच्यापुढे १०० टक्के दिसतं आणि आकडा खाली यायचं नाव घेत नाही.

अट खरी आहे तोवर करत राहा, असं लूपला सांगितलेलं असतं. ती कधीच खोटी झाली नाही तर? ३१ डिसेंबर २००८ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर असेच गोठले. घड्याळाच्या कोडमध्ये दिवसांवरून वर्ष काढणारा लूप होता. दिवस ३६५पेक्षा जास्त असतील तोवर एकेक वर्ष वजा करायचं. लीप वर्षात मात्र ३६६पेक्षा जास्त असतील तरच. त्या दिवशी आकडा नेमका ३६६ होता. वजाही काही होईना आणि लूपही सुटेना. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर सुरू करा, असं कंपनीला सांगावं लागलं.

तिथे तारीखच बोलकी होती. एरवी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधावं लागतं. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं एकेक काम. जावाचा प्रोग्राम असेल तर कुठला थ्रेड प्रोसेसर खातोय ते मी आधी पाहते आणि मग 'जेस्टॅक' चालवते. प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर आहे, ते त्यात छापून येतं. एकदा चालवून भागत नाही. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तोच थ्रेड त्याच फंक्शनमध्ये दिसला, तर संशय पक्का.

एका जुन्या सिस्टीमवर तिन्ही वेळा हॅशमॅपमधून, म्हणजे नोंदी कप्प्याकप्प्यांत ठेवणाऱ्या तक्त्यातून, नोंद वाचणारं 'गेट' फंक्शन दिसलं. नुसतं वाचताना कुणी अडकतं का? जावा ८च्या आधीच्या हॅशमॅपमध्ये अडकू शकतं. दोन थ्रेड एकाच वेळी नोंदी घालत असताना तक्ता मोठा करायची वेळ आली, तर एका कप्प्यातली पहिली नोंद दुसरीकडे बोट दाखवते आणि दुसरी परत पहिलीकडे. त्या कप्प्यात नसलेली नोंद शोधणारा थ्रेड मग फिरतच राहतो. त्याजागी कन्करंटहॅशमॅप वापरलं की हा घोळ मिटतो. बदल जेमतेम एका ओळीचा, पण ती ओळ सापडायला हवी. रिस्टार्ट केलं की मेमरीतला सगळा पुरावा पुसला जातो, आणि टेस्टिंगच्या मशीनवर, जिथे एका वेळी एकच माणूस क्लिक करत असतो, तिथे हा दोष सहसा उगवतच नाही.

म्हणून ड्युटीवरच्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: ग्राहक फोनवर ओरडत असू दे, साहेब पाठीमागे उभे असू देत, आधी तीन जेस्टॅक फाइलमध्ये घेऊन ठेवा आणि मग खुशाल रिस्टार्ट करा.