शिक्षा नेमकी कधीपासून मोजायची?

'आरोपीला तीन वर्षांची शिक्षा' अशी बातमी वाचली की आपण गृहीत धरतो, आजपासून तीन वर्षं. पण तुरुंगातला हिशोब वेगळा असतो, आणि त्यात चूक झाली तर माणूस जास्त दिवस आत राहतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अटक जानेवारी २०२२ मध्ये, सहा महिन्यांनी जामीन, आणि १ मार्च २०२५ ला तीन वर्षांची शिक्षा होऊन त्याच दिवशी तुरुंगात रवानगी. शिक्षा सुरू झाली मार्चमध्येच, पण कच्चा कैदी म्हणून काढलेले सहा महिने त्यातून वजा होतात. म्हणजे सुटका फेब्रुवारी २०२८ ऐवजी ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस. या वजावटीला कोर्टात 'सेट ऑफ' म्हणतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८ ते हेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४६८ झालंय. जामिनावर बाहेर काढलेले दिवस मात्र धरत नाहीत. दंड न भरल्याबद्दलच्या कैदेलाही ही वजावट नाही.

आता माणूस एका गुन्ह्यात शिक्षा भोगतोय आणि दुसऱ्या खटल्यात आणखी एक वर्ष झालं, तर? कोर्टाने काही लिहिलं नाही, तर पहिली शिक्षा संपल्यावरच दुसरी सुरू होते. 'दोन्ही एकत्रित भोगाव्यात' एवढी एक ओळ निकालात असेल, तर ते वर्ष वेगळं काढावं लागत नाही. जन्मठेप भोगत असेल, तर नंतरची शिक्षा कायद्यानेच सोबत चालते.

आणि दोन्ही खटल्यांत एकाच वेळी कच्ची कैद असेल तर? कलमात शब्द आहेत 'त्याच खटल्यातली' कैद. महाराष्ट्र शासन विरुद्ध नजाकत अली या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दोन विरुद्ध एक मताने सांगितलं, की तेच दिवस दोन्ही शिक्षांतून वजा होतील, कारण तो माणूस दोन्ही खटल्यांत कोठडीत होताच.

गोम इथेच आहे. दुसऱ्या गुन्ह्यात अटक कागदोपत्री दाखवलेलीच नसेल, तर त्या खटल्यापुरते ते दिवस मोजायचे कसे? म्हणून 'अटक कधी दाखवली?' हा प्रश्न वकिलाने शिक्षेच्या दिवशी नाही, पहिल्या तारखेलाच विचारायला हवा.