कानातली शिट्टी आणि गाळीव संगीत

कानात ज्या पट्टीत शिट्टी वाजते तेवढेच सूर गाळून बनवलेलं संगीत रोज ऐका, शिट्टी मंदावेल. जर्मनीतल्या म्युन्स्टरमधून २०१० मध्ये आलेली ही कल्पना मोहक होती; रुग्ण मात्र मूठभर. पुढे तिथल्याच संशोधकांनी १०० जणांना तीन महिने, रोज दोन तास ऐकवलं: काहींना खरं गाळीव संगीत, काहींना तोतया. २०१६ चा निकाल? मुख्य निकषांवर फरक शून्य. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यातही (८ चाचण्या, ५९० रुग्ण) ध्वनियंत्रं सरस ठरली नाहीत.

टिनिटस, म्हणजे कानातली ही शिट्टी, मुळात आपोआप कमीजास्त होतो, म्हणून तुलनेचा गट नसलेला ‘गुण आला’ हा दाखला कुचकामी. पंख्याच्या घरघरीत झोप लागते? खुशाल लावा. पण एकच कान वाजत असेल, किंवा नाडीच्या ठोक्यागणिक वाजत असेल, तर असं संगीत ऐकवणारं अ‍ॅप ठेवा बाजूला आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.