लेझर शो घरी जोडता येतो, पण फिरणारा किरण अडकला तर?

गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीवरून सुटणारे हिरवे-निळे किरण बेळगाव-कोल्हापूरकडे आता कुणाला नवे नाहीत. गोव्यातही हणजुणे-वागातोरच्या ट्रान्स पार्ट्यांपासून इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रंगीत उजेड ही जोडी जुनीच. पण हे यंत्र भाड्याने न आणता स्वतः जोडायचं आणि लॅपटॉपवर वाजणाऱ्या संगीताबरोबर ते स्टेजवर थेट ‘वाजवायचं’, असा छंद असलेली मंडळी जगभर आहेत. सुटे भाग ऑनलाइन मिळतात आणि सोल्डरिंग येणाऱ्याला जोडणीही जमते. कठीण काम त्यानंतरचं.

आधी यंत्र समजून घेऊ. लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर डायोड खास काचांनी एका रेषेत आणले की एकच किरण तयार होतो. तिघांचा जोर कमी-जास्त केला की हवा तो रंग मिळतो. हा किरण नखाएवढ्या दोन आरशांवर पडतो. एक आरसा तो आडवा हलवतो, दुसरा उभा. आरसे हलवणाऱ्या छोट्या मोटरांना गॅल्व्हो म्हणतात. भिंतीवर खरं तर एका वेळी एकच ठिपका असतो. तो इतका झरझर पळतो की डोळ्याला अख्खं वर्तुळ दिसतं.

गॅल्व्होचा वेग सेकंदाला किती बिंदू यावर मोजतात. ३० हजार बिंदूंचा संच हौशी लोकांत नेहमीचा. चित्र लुकलुकू नये म्हणून ते सेकंदाला २५ वेळा काढायचं धरलं, तर एका चित्राच्या वाट्याला १,२०० बिंदू येतात. त्यातले बरेच कोपऱ्यांवर खर्च होतात, कारण आरशालाही वजन आहे. वळणावर थांबायला त्याला वेळ लागतो. कोपऱ्यावर चार-पाच बिंदू जादा दिले नाहीत तर चौकोनाचा बटाटा होतो. नवशिक्यांचे पहिले काही आठवडे यातच जातात.

संगीत आरशापर्यंत कसं पोचतं?

सोपा मार्ग म्हणजे मिडी. संगीताचं सॉफ्टवेअर तालाची खूण पाठवतं आणि लेझरचं सॉफ्टवेअर त्यावर चित्र बदलतं. १२८ बीपीएमच्या गाण्यात एक ठोका साधारण ०.४७ सेकंदाचा, म्हणजे ढिलाई चालत नाही. लॅपटॉप आणि गॅल्व्हो यांच्यामध्ये डॅक नावाची पेटी असते, ती आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करते.

दुसरा मार्ग जास्त गमतीचा. आवाजाचा डावा चॅनल आडव्या आरशाला, उजवा उभ्या आरशाला द्यायचा. मग सूरच चित्र काढतो. एका बाजूला सा आणि दुसऱ्या बाजूला वरचा सा दिला, तर १:२ च्या प्रमाणामुळे इंग्रजी आठासारखी आकृती उमटते. सा आणि पंचम दिले तर २:३ ची गाठ बनते. सूर किंचित बेसूर झाला की ती गाठ गरगर फिरू लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ लिसाजू यांनी एकोणिसाव्या शतकात आरसे आणि ट्युनिंग फोर्क घेऊन हेच केलं होतं. फक्त साधं साउंड कार्ड स्थिर दाब पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे चित्र एका बाजूला धरून ठेवता येत नाही, ते मध्ये सरकतं.

हिशेब डोळ्याचा

आता आकडे बघा. हौशी प्रोजेक्टर १ ते ३ वॅटचे असतात. १ वॅटचा किरण १० मीटरवर साधारण १४ मिलिमीटर रुंद होतो असं धरू. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६५० मिलिवॅट. पापणी मिटायला लागणाऱ्या पाव सेकंदासाठी डोळ्याला चालणारी मर्यादा आहे जवळपास २.५ मिलिवॅट. हे झालं अडीचशेपटीहून जास्त, आणि पापणी मिटेपर्यंत इजा होऊनही गेलेली असते. किरण पळत असतो तोवर डोळ्यावर तो क्षणभरच पडतो. पण वायर निसटली, आरसा अडकला, की सगळा जोर एका ठिपक्यात गोळा होतो. आरसा थांबताच लेझर बंद करणारं सर्किट असतं. स्वस्त यंत्रांत ते बहुधा नसतं. ते बसवलं म्हणून किरण लोकांवर सोडायला मोकळीक मिळते असंही नाही.

किरण लोकांवर आला की काय होतं, ते २००८ मध्ये मॉस्कोजवळच्या एका खुल्या संगीत महोत्सवात दिसलं. आकाशात सोडायचे लेझर होते. पाऊस आला, वर तंबू ताणले गेले, आणि किरण गर्दीत आले. तीसच्या आसपास लोकांच्या दृष्टीला इजा झाली. आपल्याकडे २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अशाच तक्रारी आल्या, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली.

म्हणून परदेशातला रूढ नियम असा की प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किरण किमान ३ मीटर वर आणि बाजूने अडीच मीटर दूर राहिला पाहिजे. हौशी माणसाला हे सहज पाळता येतं. प्रोजेक्टर उंच आणि पक्का बांधायचा, पुढे खालच्या अंगाला पत्र्याची पट्टी लावायची, म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं तरी किरण खाली येत नाही. हॉलमध्ये आरसे, काचा, स्टीलचे खांब कुठे आहेत ते आधी पाहायचं. लेझर बंद करायचं लाल बटण वाजवणाऱ्याच्या हाताशी हवं. जोडणी करताना त्या-त्या रंगाच्या लेझरसाठीचाच चष्मा घालायचा. साधा गॉगल काही उपयोगाचा नाही.

धूर मात्र भरपूर लागतो. किरण हवेत दिसतो तो धुक्याच्या कणांमुळे, नाहीतर नुसता भिंतीवर ठिपका. हॉल बंदिस्त असेल तर खिडक्या कधी उघडायच्या तेही ठरवावं लागतं. उघड्यावर शो असेल तर सांबरा, दाभोळी किंवा मोपा विमानतळाची दिशा बघूनच यंत्र ठेवायचं, कारण वर गेलेला किरण पार वैमानिकाच्या काचेपर्यंत पोचतो.