आधी रामराम, मग शोध

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून त्यानं भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट मजुरांकरवी डोंगरावर चढवत, मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. ज्या अक्षांश-रेखांशांसाठी त्या मंडळींनी उन्हापावसात आयुष्यं घालवली, ते आज याच जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला आपल्या फोनवर काही सेकंदांत दिसतात. याच आकड्यांवर गेल्या पंचवीस वर्षांत जगभर एक खेळ उभा राहिला आहे, जिओकॅशिंग.

खेळ सांगायला सोपा आहे. कुणीतरी पाणी न शिरणाऱ्या डबीत छोटी वही घालून ती सहज नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. बाकीचे फोन घेऊन निघतात, डबी शोधतात, वहीत नाव आणि तारीख लिहितात, डबी होती तशी ठेवतात आणि घरी येऊन आपली नोंद करतात. बक्षीस नाही, पंच नाही, मैदानाची आखलेली सीमा नाही. शोधायचं कसं हे नवखा दोन-तीन फेऱ्यांत आपसूक शिकतो. वागायचं कसं हे मात्र मुद्दाम शिकवावं लागतं, आणि कारंज्यासारख्या ठिकाणी ते परदेशी पुस्तकातून जसंच्या तसं उचलून चालत नाही.

या खेळाच्या चालीरीती कशा घडल्या ते आधी पाहू. १ मे २००० पर्यंत अमेरिकेचं लष्कर जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती भेसळ त्या रात्री थांबली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, एक बेचकी आणि बीन्सचा बंद डबा असं सामान होतं. नियम एकच, काही घ्या आणि काही ठेवा. तीन दिवसांत माइक टीग यांनी ती शोधली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा जगात अशा ७५ जागा होत्या. आज १९० हून अधिक देशांत मिळून त्या ३० लाखांच्या वर आहेत. भारतात त्या मानानं फार थोड्या.

उल्मर यांची ती पहिली बादली आजच्या नियमांत बसली नसती. ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती, आणि आज परवानगीशिवाय डबीसाठी जमीन खणणं मना आहे. तिच्यात खाण्याची वस्तू होती, तीही आज चालत नाही, कारण वासावर जनावर येतं, डबी फोडतं आणि प्लास्टिकसकट गिळतं. म्हणजे हे नियम कुणी खोलीत बसून केलेले नाहीत. खेळता खेळता नुकसान दिसलं आणि खेळणाऱ्यांनी स्वतःला आवर घातला. २००२ पासून तर शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेवरचा कचरा उचलून आणायचा, असा वार्षिक उपक्रमच या मंडळींनी जगभर चालवला आहे.

नवख्याच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होतं ते शेवटच्या दहा पावलांत. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, दाट झाडीत दहा किंवा त्याहूनही जास्त मीटर चुकतो. डबी ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक त्यात आणखी मिसळते. नवखा मात्र पडद्यावरचा ठिपका प्रमाण मानतो. 'इथेच असली पाहिजे' म्हणून तो धोंडे उलटवतो, बांधाचे दगड काढतो, झुडपं मोडतो. जाणता खेळाडू तिथवर पोचला की फोन खिशात घालतो आणि नुसता उभा राहून पाहतो. कुठली फांदी वेगळी वाटते, कुठला दगड ठेवल्यासारखा दिसतो? हात सगळ्यात शेवटी. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढं असतं आणि दगडांच्या फटीत विंचू, मण्यार, घोणस यांचा मुक्काम असतो. न दिसणाऱ्या फटीत हात घालायचा नाही, काठीनं चाचपायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं पाहिजे.

मग वहीचा मान. भेटीची खूण मागे ठेवायची चाल या खेळाहून जुनी आहे. इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये क्रॅनमिअर पूल नावाच्या आडजागी १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्यानं एक बाटली ठेवली होती, आणि तिथवर पोचलेले लोक तिच्यात आपलं कार्ड टाकत. वहीत सही न करता संकेतस्थळावर 'सापडली' लिहिणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे. सापडली नाही तर तसं लिहावं. त्यात कमीपणा नाही. लागोपाठ तिघांना सापडली नाही की ठेवणाऱ्याला कळतं, डबी गेली असावी. डबीतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची ठेवावी. वही ओली झाली असेल तर कळवावं. आणि डबी 'अधिक चांगल्या' जागी हलवू नये. तुम्हाला चांगली वाटणारी जागा पुढच्या माणसाला सापडणार नाही.

इथपर्यंत कारंजा आणि कॅलिफोर्निया यांत फरक नाही. मतभेद आहे तो पुढच्या नियमाशी. पाश्चात्त्य देशांत नवख्याला शिकवतात की खेळाबाहेरच्या माणसाला पत्ता लागू देऊ नका, कुणी पाहत असेल तर बूट बांधल्याचं सोंग करा, तो गेल्यावर डबी काढा. हेतू चांगला आहे, कारण अनोळखी माणसाला डबी दिसली तर तो उचलून नेईल. पण तिथेही हे कधीकधी अंगाशी आलं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर डबी ठेवणाऱ्या माणसाच्या हालचालींचा संशय आला, पोलीस आले, रस्ता रिकामा केला आणि बॉम्बशोधक पथकानं ती डबी स्फोट करून उडवली. आत वहीच होती.

आपल्याकडे एसटी स्टँडवर आणि रेल्वेत बेवारस वस्तूला हात लावू नका ही सूचना ऐकत दोन पिढ्या वाढल्या. त्यातून खेड्याच्या शिवारातला लपूनछपून वावर शहरापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. पडक्या देवळाशी किंवा जुन्या गढीशी कुणी अनोळखी माणूस फोन पाहत घिरट्या घालतोय, दगड हलवतोय, म्हटल्यावर गावाच्या मनात पहिला विचार गुप्तधनाचा येतो. तो उगाच येत नाही. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार घडत आले, म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरी भीती याहून वाईट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यांनी काहीही केलं नव्हतं, ते फक्त परके होते. हे घडलेल्या राज्यात मी कुठल्याही मुलाला 'कुणाला कळू न देता शोध' असं शिकवणार नाही.

म्हणून आपल्याकडचा पहिला नियम उलटा असावा. लपवायची ती डबी, स्वतःला नाही. शिवारात शिरताच जो भेटेल त्याला रामराम घालावा. 'काय शोधून राह्यले भाऊ?' असा प्रश्न येण्याआधीच सांगावं, 'काकाजी, आम्ही कारंज्याचीच पोरं. फोनवरचा एक खेळ आहे, एक लहान डबी ठेवलेली आहे इकडं, ती शोधतो अन् वापस ठेवतो. तुमच्या वावरातून जात नाही, पांदणीनं जातो.' आणि फोनवर खेळ उघडून दाखवावा. त्यानं डबी गुपित राहणार नाही, हे मला मान्य आहे. पण गुराखी आणि वाडीचा रखवालदार यांना डबी माहीत असली तर ती जास्त काळ टिकेल असं मला वाटतं. ज्याला विश्वासात घेतलं तो राखण करतो.

कारंजा घाडगे म्हणजे नागपूर-अमरावती महामार्गावरचं, नागपूरपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. संत्र्याच्या वाड्या, कपाशी, सोयाबीन आणि एका अंगाला बोरच्या जंगलाची चढण. हेटीकुंडीचं गवळाऊ गाईंचं पैदास केंद्र याच तालुक्यात. दिवाळीत इथं शिवार माणसांनी भरलेलं असतं. सोयाबीन निघत असतं, कापसाचा वेचा सुरू होतो, आंबिया बहाराच्या संत्र्यावर रंग चढू लागतो. अशा वेळी वाडीत परका पाय पडलेला कुणालाच खपत नाही, आणि ते बरोबर आहे. एक संत्रं तोडणं हीसुद्धा चोरीच. वाडीतून जवळची वाट दिसली तरी पांदण सोडायची नाही, ठिबकच्या नळ्यांवर पाय द्यायचा नाही, फाटक जसं होतं तसं लावायचं.

तारेच्या कुंपणाबद्दल तर हातच जोडून सांगतो. रानडुकरांसाठी अनेक ठिकाणी सौरऊर्जेची झटका मशीन असते. तिचा धक्का सहसा जीव घेत नाही. पण कुठे कुठे बेकायदा थेट वीजही सोडलेली असते, आणि ती माणूस, गाय, वाघ काही ओळखत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बोर परिसरातली वाघीण सिंदीविहिरीच्या शिवारात अशाच तारेला चिकटून मेली. तारेला हात लावायचा नाही, तिच्याखालून सरपटायचं नाही, आणि सूर्य मावळायच्या आत शिवाराबाहेर यायचं. जागलीवरच्या माणसाला अंधारातली टॉर्च शिकाऱ्याची वाटते.

बोर १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरणंच गुन्हा, मग डबी ठेवायचा प्रश्नच येत नाही. वाघ मात्र प्रकल्पाच्या रेषेत राहत नाहीत. बोरचं जंगल पेंच, मेळघाट आणि ताडोबा यांच्या मधोमध पडतं आणि वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटा शेतांतून जातात. वनरक्षकाला विचारल्याशिवाय जंगलकाठची कुठलीही जागा निवडू नये.

अशा ठिकाणांसाठी खेळातच एक सुंदर सोय आहे. २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार सुरू झाला. त्यात डबीच नसते. अक्षांश-रेखांश तुम्हाला एखाद्या खडकापाशी किंवा ओढ्याच्या काठापाशी नेतात आणि तिथं पाहून उत्तर द्यायचे प्रश्न देतात. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक आहे. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथं त्याचे थर एकावर एक दिसतात, आणि झिजून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोटेही दिसतात. नवख्यांची सुरुवात मी इथूनच करीन. काही उचलायचं नाही, काही ठेवायचं नाही, फक्त नीट पाहायचं. हे ज्याला जमलं त्याच्या हाती पुढे डबी द्यायला हरकत नाही.

डबी ठेवणाऱ्याचे नियम शोधणाऱ्याहून कडक असले पाहिजेत. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं दिवाळीला गावी येतात. उत्साहात कुठेतरी डबी ठेवतील, भाऊबीज झाली की परत जातील, आणि मृगाच्या पहिल्या पावसात वहीचा लगदा होईल. मग तो खेळ राहत नाही, शिवारात टाकलेलं प्लास्टिक उरतं. संकेतस्थळही म्हणूनच सुट्टीवर आलेल्या माणसाला डबी ठेवू देत नाही. डबीची देखभाल करणारा जवळपास राहणारा हवा. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवं, हा नियम पाळणं सोपं आहे. अवघड आहे ती परवानगी, आणि ती तोंडी 'हो' घेऊन भागवू नये. ज्याची जमीन त्याला डबी हातात देऊन उघडून दाखवावी. डबी पारदर्शक असावी, तिच्यावर ठळक मराठीत 'हा खेळाचा डबा आहे, यात वही आहे' असं लिहून फोन नंबर घालावा. पूल, शाळेची भिंत, वीज उपकेंद्र, देऊळ, मजार, स्मशान, विहिरीचा काठ या जागा कायमच्या वर्ज्य.

शाळेत किंवा स्काउटच्या पथकात शिकवायचं असेल तर पहिली डबी शाळेच्या आवारातच ठेवावी आणि गुण शोधण्याला न देता परत ठेवण्याला द्यावेत. डबी हलली का, गवत तुडवलं का, सही खरी आहे का, एवढंच तपासावं. दुसऱ्या फेरीत मुलांना ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर न्यावं आणि खेळ काय आहे हे त्या शेतकऱ्याला मुलांनीच समजावून सांगावं. ज्या मुलाला ते नीट सांगता येत नाही, त्यानं अजून एकट्यानं जाऊ नये.

कारंज्यात हा खेळ अजून रुळलेला नाही, त्यामुळे पहिले दहा-वीस खेळाडू जसे वागतील तशी त्याची गावात ओळख होईल. या दिवाळीच्या सुट्टीत कुणाच्या मनात पहिली डबी ठेवायचं असेल, तर त्यांना एकच विनंती. अक्षांश-रेखांश टिपण्याआधी जमिनीच्या मालकाकडे जा, आणि तिथून उठलात की गावच्या पोलीस पाटलांना डबी दाखवून या.