शेखाडीचा आडबाजूचा किनारा

नवगावच्या स्मारकाचे दर्शन घेऊन आपले बहुतेक यात्रेकरू मागे फिरतात. यंदा मी मुद्दाम पुढे दक्षिणेस गेले. श्रीवर्धनहून दिवेआगरकडे जाणारा रस्ता समुद्राला बिलगून आहे; एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास काळे कातळ, आणि मध्येच शेखाडी हे लहानसे गाव. आपल्यातील दिवेकरांना तरी हा मुलूख परका वाटू नये!

१९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानंतरच्या काळात दुबईचे सोने कोकणच्या अशाच आडबाजूच्या किनाऱ्यांवर रात्री उतरत असे. पुढे चांदीही येऊ लागली. या धंद्याला आधार केवळ अंधाराचा आणि खडकांचा नव्हता. पैसे घेऊन डोळे मिटणाऱ्यांचाही होता. १९९० साली तो कायदा रद्द झाला, पण सरावाच्या वाटा मोडल्या नाहीत.

फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याच वाटेने शेखाडीस आरडीएक्स व शस्त्रे उतरली. १२ मार्च रोजी मुंबईत स्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसे मेली. त्या मुंबईत आपलीही घरे, आपलीही सिनेगॉगे होती. पुढे टाडा न्यायालयाने माल उतरविणाऱ्यांबरोबर कस्टम खात्यातील अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही दोषी ठरविले. लाच घेऊन गाडी सोडणाऱ्याला आत चांदी आहे की स्फोटके, हे विचारण्याचे तोंड कोठून राहणार?

आता तेथे सहलीच्या मोटारी थांबतात. कातळ फार निसरडे आहेत. वृद्धांनी रस्त्यावरूनच पाहावे.